गाडीचं छत कापडाचं की पत्र्याचं? माझा अनुभव

आमचा धंदा टॉवेलचा. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखाना आहे, वडिलांनी चार लूमवर, म्हणजे मागांवर, सुरू केलेला. दोन वर्षांपूर्वी जुने शटल लूम भंगारात काढले आणि त्याच महिन्यात मला पन्नास पूर्ण झाली. लोखंड वजनावर जाताना बघून काय झालं कुणास ठाऊक, पण त्या रात्री जेवताना मी म्हणालो, "एकदा तरी दोन सीटची गाडी घ्यायची."

"अहो, दोनच सीट? आणि आई?" बायकोचा पहिला प्रश्न.

"आई इनोव्हात."

"मला नकोच तसली," आई म्हणाली. "जमिनीवर बसायचंय तर घरात बसते की."

गाडी कुठली हे ठरलेलंच होतं, पोर्शे ७१८. घोळ होता तो पुढचा. ही गाडी दोन रूपांत निघाली. बॉक्स्टर म्हणजे कापडी छताची, उघडणारी. केमन म्हणजे पत्र्याच्या छताची कूपे. बॉक्स्टर थोरली, १९९६ची. बॉक्सर इंजिन (सिलिंडर आडवे, समोरासमोर असलेलं) आणि रोडस्टर (दोन सीटची उघडी गाडी) हे दोन शब्द जोडून तिचं नाव केलंय. केमन २००५ साली आली. दोघींना ७१८ हा आकडा लागला २०१६ला, आणि तेव्हा साध्या मॉडेलला दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन बसलं, ३०० हॉर्सपॉवरचं. इंजिन सीटच्या मागे, तेही दोघींत सारखंच. म्हणजे प्रश्न खरोखर छताचाच उरतो.

नवीन घेणं डोक्यातही नव्हतं. पूर्ण तयार होऊन येणाऱ्या असल्या महागड्या गाडीवर १०० टक्क्यांच्या वर सीमाशुल्क बसतं. त्यावर जीएसटी, त्यावर रोड टॅक्स. त्यातून गाडी कंपनीच्या नावावर घ्यावी म्हटलं, तर आपल्या महाराष्ट्रात २० टक्के टॅक्स लागतो, असं आमच्या सीएने सांगितलं आणि वर विचारलं, "साहेब, नवे रॅपियर लूम किती येतील एवढ्यात?" म्हणून वापरलेली घ्यायची, पुण्या-मुंबईतली, आणि स्वतःच्या नावावर.

ज्याला त्याला विचारलं. मेहुणा म्हणाला, "दाजी, सोलापुरात उघडी गाडी? एप्रिल-मेमध्ये ४२-४३ला पारा असतोय. पापडासारखे भाजून निघाल." मुलगी पुण्यात शिकते, ती बॉक्स्टरच्या बाजूची. "बाबा, बंद गाडी तर सगळेच घेतात." बायको म्हणाली, "ट्रॅक्टर पण उघडाच असतो, तो घ्या."

माझी स्वतःची शंका निराळी होती. कापड. तीस वर्षं सूत आणि रंग बघतोय. सोलापूरच्या उन्हात गच्चीवर वाळत घातलेली चादर एका उन्हाळ्यात कशी विटते ते मला कुणी सांगायला नको. तेच काळं कापड बारा महिने गाडीवर? नको रे बाबा, असं मनात पक्कं धरून बसलो होतो.

योग असा की शाळेतला एक मित्र, आता पुण्यात डॉक्टर आहे, तो जानेवारीत लग्नाला सोलापुरात आला तो बॉक्स्टर घेऊनच. गाडी सहा वर्षांची. मी आधी चावी मागितली नाही, पांढरा रुमाल काढला. कोरड्या रुमालाने छत दहा वेळा घासलं, मग ओल्याने दहा वेळा. टॉवेलचा रंग लागतो की नाही हे आम्ही असंच बघतो. मित्र ओरडला, "अरे, काय करतोयस?" रुमालावर धूळ आली, रंगाचा ठिपका नाही.

मग शिवणीजवळ बोटं फिरवली, आतली बाजू पाहिली आणि रात्री बसून वाचलं. या छतांचं कापड तीन थरांचं असतं. वर अॅक्रिलिकची ट्विल (तिरप्या विणीचं कापड), मध्ये रबर, आत अस्तर. आणि अॅक्रिलिकला रंग देतात तो धागा व्हायच्या आधी, पातळ द्रावणातच. आपण कापसाचं सूत रंगवतो तेव्हा रंग बाहेरून आत शिरतो. इथे धागा गाभ्यापर्यंत काळाच जन्माला येतो. विटणार कुठून? तीस वर्षांच्या अनुभवाने मी चुकीच्या कापडावर शंका घेत होतो.

कापडी छताची खरी दुखणी वेगळीच असतात. छताच्या कडेने आलेलं पावसाचं पाणी खाली उतरायला दोन्ही बाजूंना बारीक नळ्या असतात. त्या पाल्याने तुंबल्या की पाणी गाडीत येतं. आमच्या दारात कडुलिंब आहे. फाल्गुनात त्याचा जो पाला झडतो, त्याचं एकेक पान बोटाच्या पेराएवढं, कुठल्याही भोकात शिरणारं. दुसरं म्हणजे धुणं. कापडावर प्रेशर गन जवळून मारायची नसते, आणि आमच्याकडच्या वॉशिंग सेंटरवर तर गाडी दिसली की पोरगं आधी गनच उचलतं.

असो. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला आम्ही दोघं निघालो, तुळजापूर रोडने. मित्राने बटण दाबलं, नऊ-दहा सेकंदांत छत मागे गेलं. ५०च्या आतल्या वेगात चालत्या गाडीतही ते उघडतं. कानटोपी घातली होती, पायावर हीटर. हिप्परग्याच्या तलावाजवळ आलो तसा हवेचा एक थंडगार पट्टा अंगावरून गेला आणि पुढे लगेच उबदार झालं. या रस्त्याने मी हजार वेळा गेलो असेन, तिथे हवा अशी बदलते हे मला माहीतच नव्हतं. पुढे एका शेतात हुरडा भाजत होते. शेणीचा धूर आणि कोवळ्या ज्वारीचा तो गोड वास, दोन्ही एकदम, आणि किती वेळ! घाटात मागून इंजिनाचा आवाज भिंतीवर आपटून परत येत होता. जुन्या सहा सिलिंडरचा नाद याला नाही म्हणतात. मला तर तेवढाही पुरला. तुळजापुरात चहा घेताना मी मित्राला सांगूनच टाकलं, ठरलं, बॉक्स्टर.

येताना नऊ वाजून गेले होते. पहिली ट्रॉली तामलवाडीच्या अलीकडे लागली. दोन ट्रॉल्या उसाने लादलेल्या, पाचट उडतंय, ओव्हरटेकला जागा नाही. तेव्हा डोक्यात आलं की सोलापुरात छत उघडावं असे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगामही तेव्हाचाच. थंडी आणि ट्रॉली बरोबरच येतात. मित्राच्या टकलावर पाचटाची एक काडी बसली होती, मी ती शहर येईपर्यंत सांगितली नाही.

मग शहर. सात रस्त्याच्या सिग्नलला उभे राहिलो. शेजारच्या रिक्षावाल्याने वाकून बघितलं आणि विचारलं, "मालक, छत कुठं पडलं?" सगळा सिग्नल हसला, मीही हसलो. डावीकडून आवाज आला, "नमस्कार मालक." आमच्याकडे बावीस वर्षं काम करणारा विणकर, सायकलवर, डबा हँडलला. बोनसवरून आमची बोलणी अडली होती, मी "यंदा ऑर्डरी कमी आहेत" असं आठच दिवसांपूर्वी सांगितलं होतं. खोटंही नव्हतं ते. पण तो सायकलवर होता आणि मी जमिनीलगत बसलेलो, त्यामुळे तो वरून बघत होता आणि मी खालून. गाडी माझी नाही, मित्राची आहे, असं सांगावंसं वाटलं. सिग्नल सुटला.

घरी येऊन बायकोला म्हणालो, केमनच बघू या. ऊन, ट्रॉल्या, कडुलिंब अशी सगळी कारणं सांगितली. वर सामानाचंही सांगितलं: पुढचा डबा दोघींत सारखा, पण मागच्या बाजूला केमनमध्ये बॉक्स्टरच्या दुपटीच्या आसपास जागा, सॅम्पलच्या बॅगा बसतील. तिने ऐकून घेतलं. विणकराचंही सांगितलं तेव्हा म्हणाली, "लपूनच चालवायची, तर घ्यायची कशाला?" याला उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. बोनस मात्र त्या आठवड्यात मिटवला.

खरेदीचं थोडक्यात सांगतो, कुणाला उपयोग होईल. पुण्यातल्या एका डीलरकडे पहिली केमन बघितली. "एक ओरखडा नाही" असं त्याने तीनदा सांगितलं. मी रंगाची जाडी मोजायचं यंत्र नेलं होतं. सगळीकडे १२० मायक्रॉनच्या आसपास, मागच्या उजव्या चाकावरच्या पत्र्यावर एकदम ३४०. पुन्हा रंगवलेली. विचारल्यावर म्हणाला, "किरकोळ असेल." किरकोळ होतं तर सांगायला काय झालं होतं? टायरवरचे चार आकडे बघितले, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दोन टायर गाडीपेक्षाही जुने निघाले. तिथून उठलो.

दुसरी एका कुटुंबाकडून थेट मिळाली, सगळ्या सर्व्हिसच्या नोंदींसकट. मेहुणा बरोबर होता, त्याला इंजिन बघायचं होतं. पुढचं बोनेट उघडलं तर सामानाचा खड्डा. मागचं उघडलं तर तिथेही सामानाची जागा, आणि कडेला तेल आणि कूलंट भरायची दोन झाकणं. "दाजी, इंजिन दिलंय ना?" असं त्याने मालकासमोरच विचारलं.

कागदाचं सोपं आहे, क्रम चुकू नये एवढंच. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ आधी, मग पुण्याच्या आरटीओची फॉर्म २८वरची एनओसी, मग मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०. राज्यातल्या राज्यात असल्याने टॅक्स पुन्हा भरावा लागला नाही आणि नंबरही एमएच-१२च राहिला. सोलापुरात फिरताना लोकांना वाटतं पुण्याचा पाहुणा आलाय, ते मला काही वाईट वाटत नाही.

एक गोष्ट आधी कुणी सांगितली नव्हती: स्टेपनी नाही. पंक्चरचं औषध आणि छोटा कॉम्प्रेसर, एवढंच. आणि पुढची चाकं २३५ रुंदीची, मागची २६५ची. इथल्या टायरवाल्याने माप ऐकलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "पुण्याहून मागवायला लागतंय बघा, दोन दिवस धरा." तेव्हापासून मोहोळ-टेंभुर्णीच्या पुढे एकटा जायचं झालं तर त्याचा नंबर हाताशी ठेवतो. स्पीडब्रेकर तिरका घ्यायची सवय महिनाभरात लागली.

यंदाच्या जानेवारीत, गड्डा यात्रेची गर्दी ओसरल्यावर, बायकोला घेऊन त्याच रस्त्याने पहाटे गेलो. हिप्परग्याजवळ दोन्ही काचा पूर्ण खाली घेतल्या. थंड पट्टा आला, पण कोपरापुरता. पुढे हुरड्याचा वासही आला, निम्मा. ती म्हणाली, "छान येतोय की वास." मी काही बोललो नाही. मग ट्रॉली आली आणि काचा वर घेतल्या.