इसमें बंदर कहाँ है?

गिरणीतून दळण घेऊन येत होते. मे महिना, दुपारचे साडेतीन, स्कूटरवर पायापाशी गव्हाच्या पिठाचा डबा, आणि डबा उन्हापेक्षा गरम. अशा वेळी शहाणं माणूस थेट घर गाठतं. मी मंडळाच्या सभागृहाशी थांबले, कारण तिथे कडुलिंबाखाली उसाच्या रसाची गाडी असते आणि सावलीचे पैसे वेगळे पडत नाहीत.

१ मेच्या निमित्तानं मंडळानं रस्त्याकडच्या लोखंडी जाळीला ओळीनं दहा-बारा फ्लेक्स बांधले होते. मुंबईचे जुने फोटो, पलंगाच्या चादरीएवढे केलेले. वर ठळक अक्षरांत ‘मुंबई बंदर – जुनी छायाचित्रे’. आत हॉलमध्ये लावले असते तर नेहमीच्या चाळीस लोकांनी बघितले असते, चहा घेऊन घरी गेले असते. बाहेर टांगल्यामुळे ते सगळ्या रस्त्याचे झाले होते. एकाला टेकून एक मुलगा फोनवर भांडत होता. दुसऱ्याच्या सावलीत कुणीतरी पाण्याचे जार उतरवून ठेवले होते.

रसवाल्यानं चरकात ऊस सारला आणि मान न वळवता विचारलं, “आंटीजी, आप तो मराठी हो ना? ये इसमें बंदर कहाँ है? सुबह से ढूँढ रहा हूँ.”

इंदूरच्या मराठी मुलांना ह्या शब्दानं किती छळलंय ते आमचं आम्हाला ठाऊक. चौथीत असताना बाईंनी बंबईबद्दल एक वाक्य सांगायला सांगितलं. मी ताडकन उभी राहून म्हटलं, “बंबई बहुत बड़ा बंदर है.” वर्ग फुटला. बाईसुद्धा फळ्याकडे तोंड करून हसल्या, ते त्यांच्या खांद्यांवरून कळलं. हिंदीत ते बंदरगाह. आमच्या घरी ‘गाह’ नव्हतं, त्याला मी काय करणार? वर्षभर मुलं मला बघून काखा खाजवत होती.

तसा आमच्या घरी समुद्रही नव्हता. फक्त त्याचे शब्द होते, आणि ते आजीनं आणलेले. आजी रेवसकडची. १९४३ साली लग्न होऊन इंदुरात आली, ती बोटीनं मुंबई, मग मोठ्या गाडीनं खंडवा, आणि खंडव्याला गाडी बदलून छोट्या गाडीनं घाट चढून इथवर. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं ‘इंदूर, खंडवामार्गे’ असं लिहिलेलं होतं. त्यातला ‘मार्गे’ झाकणाच्या कडीखाली गेला होता, त्यामुळे पुष्कळ वर्षं मला वाटे की खंडवा हे इंदूरचं आडनाव आहे. त्या ट्रंकेत रजया असत. आणि आजीच्या बोलण्यात तांडेल, मचवा, शीड, भरती, ओहोटी. पावसाळ्यात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी नदी फुगली की ती पुलावरून बघून म्हणायची, “भरती लागली गं.” तिच्या आजोळी, हर्णैला, बोट लांबच उभी राहायची आणि पडावातून उतरावं लागायचं, असं ती सांगे. माझ्या हिंदीच्या पुस्तकात पडाव म्हणजे मुक्काम. मुक्कामात बसून किनाऱ्याला कसं जातात हे मी तिला विचारलं नाही. बंदरानंतर मी जरा जपून होते.

रसाचा ग्लास हातात घेऊन मी फ्लेक्स बघत निघाले.

पहिल्यावर किल्ल्याची तटबंदी. १८६०च्या दशकात ती पाडली. फोटोत तिला अजून काही पत्ता नाही. मग कापसाच्या गाठी, माणसाच्या डोक्याच्या वर रचलेल्या. अमेरिकेत यादवी पेटून तिकडचा कापूस अडला, त्या १८६१ ते ६५च्या दिवसांत मुंबईवर पैशाचा पाऊस पडला, हे शाळेत घोकलं होतं. त्या गाठींना शिवलेली सुतळी मात्र पहिल्यांदाच बघितली. ससून डॉक, १८७५. प्रिन्सेस डॉक, १८८०. डोलकाठ्याच डोलकाठ्या, पानगळ झालेल्या सागवानासारख्या. पालवा बंदरावर गेटवे नाही, तो पुरा होऊन खुला झाला १९२४ साली. त्याच्याशिवाय तो किनारा कवळी काढून ठेवलेल्या काकांसारखा दिसतो: ओळखीचे वाटतात, पण हाक मारायचा धीर होत नाही.

समुद्रानं मात्र निराशा केली. एक लाट नाही! ह्याहून जास्त लाटा आमच्या सिरपूर तलावात उठतात. मग लक्षात आलं. तेव्हा काचेवर ओला लेप देऊन फोटो काढत, आणि भिंग काही सेकंद उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात लाट येऊन गेलेली असे. दहा लाटांवर दहा लाटा चढून शेवटी काचेवर उरायची ती साय. रस्त्यावरच्या माणसांचंही तेच. चालला तो पुसला गेला. फोटोत आले ते उभे राहिलेले, टेकलेले, झोपलेले. इतकं गजबजलेलं गाव, आणि इतिहासात राहिले सगळे आळशी. मला बरं वाटलं.

इथे एक तक्रार नोंदवते. मुंबईच्या फोटोंमध्ये लाला दीनदयाळांचं नाव कुठेच नव्हतं. १८६६मध्ये रुरकीहून इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला आलेला माणूस. कॅमेरा हातात धरला तो इथे. पुढे निजामानं ‘राजा’ केलं आणि १८९६मध्ये मुंबईत स्टुडिओ थाटला. इंदूरच्या मंडळानं एक ओळ टाकायला काय हरकत होती? माळव्याच्या अफूचंही तसंच. बैलांवर, गाड्यांवर लादून ती इथून मुंबईला जायची आणि तिथून जहाजानं चीनला. मुंबईच्या कितीतरी श्रीमंतीखाली आमच्या खसखशीची बोंडं आहेत, पण तो फ्लेक्स कोण छापणार? आम्हा इंदूरकरांना कशातही इंदूर शोधायची खोड आहे, हे मान्य. दिल्लीच्या लग्नातही आम्ही पोह्यांवर शेव नाही म्हणून कष्टी होतो.

माझी स्वतःची आणखी एक खोड आहे. जुना फोटो दिसला की मी इमारत सोडून माणसं बघते. एकेक चेहरा. कुणीतरी ओळखीचं निघेल म्हणून. ह्यावरून घरात माझी चेष्टा होते, आणि ती रास्त आहे.

शेवटचा फ्लेक्स भाऊच्या धक्क्याचा होता. खाली साल नव्हतं. हा बाकीच्यांपेक्षा पुष्कळ नंतरचा असणार, कारण त्यात माणसं होती, आणि चालणारीसुद्धा. धक्क्याला बोट लागलेली. वळकट्या, टोपल्या, छत्र्या, टोप्या.

भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, एकोणिसाव्या शतकात त्यांनी तो धक्का बांधला, हे मला मोठेपणी कळलं. लहानपणी आजी ट्रंक उघडून रजया उन्हात घालत होती आणि बोटीची गोष्ट सांगत होती. भाऊच्या धक्क्याला उतरलो, असं म्हणाली. मी सात-आठ वर्षांची. मी विचारलं, “आजी, तुझ्या भावानं तुला धक्का का दिला?” आणि माझी मीच हसत सुटले. आजीला माझे असले विनोद आवडायचे. त्या दिवशी तिनं हातातली रजई परत घडी केली, ट्रंकेत ठेवली आणि आत निघून गेली. ऊन चांगलं होतं, बाकीच्या रजया आईनं घातल्या.

आजीचा एकुलता भाऊ परळच्या गिरणीत होता. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट रेवसला निघाली आणि भर समुद्रात उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. इंदूरला तार यायला किती दिवस लागले, घरात कुणीच कधी सांगितलं नाही. त्याचा एकही फोटो नव्हता. आजी म्हणायची, नाक तुझ्यासारखं.

मी चष्मा कपाळावर सरकवला आणि फ्लेक्सच्या अगदी जवळ गेले. इतक्या जवळून चेहरे राहत नाहीत, ठिपके होतात. एक पाऊल मागे आले. परत पुढे गेले. बोटीच्या कठड्याशी एक जण टोपी हातात घेऊन उभा होता, त्याचं नाक जाळीला बांधलेल्या सुतळीखाली आलं होतं. मी सुतळी जरा सरकवली.

“मिला क्या, आंटीजी?” रसवाल्यानं विचारलं.

“नहीं,” म्हटलं, आणि ग्लास परत दिला.