सिंगल फेजवर थ्री फेज लेथ चालवताना

घरामागच्या शेडमध्ये किंवा गावाकडे छोटे वर्कशॉप उभारणाऱ्याला एक अडचण हमखास येते. भोसरी किंवा शिरोलीसारख्या औद्योगिक वसाहतीतून जुने, दणकट बिडाचे लेथ परवडणाऱ्या भावात मिळते. पण त्यावर दोन अश्वशक्तीची, ४१५ व्होल्टची थ्री फेज मोटार असते आणि आपल्या मीटरवर २३० व्होल्टचा एकच फेज येतो. थ्री फेज जोडणी मिळत असेल तर ती घ्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. मात्र जवळच्या खांबापर्यंत तीन फेज आलेलेच नसतील, तर एका लेथसाठी लाइन ओढून घेणे बहुतेकांना परवडत नाही.

अशा वेळी ‘कंडेन्सर टाका, मोटार फिरेल’ हा सल्ला सर्वांत आधी मिळतो. तो शेतीपंपांवरून आलेला आहे. तीनपैकी दोनच फेज चालू असताना कंडेन्सर लावून पंप चालवण्याची युक्ती आपल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे वापरली आहे. पण तिथे दोन फेजांमध्ये मुळात ४१५ व्होल्ट असतात, हे सांगायचे राहून जाते. घरात आपल्याकडे फक्त २३० आहेत. मोटारीचे टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे ४१५ची मोटार आहे तशीच २३०वर जोडली तर तिच्यात मूळ जोराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी जोर उरतो. ती गुणगुणत राहते, तापते आणि काम पकडणारा चक हलतही नाही.

म्हणून ड्राइव्ह, म्हणजे एका फेजवरून तीन फेज देऊन मोटारीचा वेग बदलू देणारे उपकरण (व्हीएफडी), विकत घेण्यापूर्वी मोटारीचा टर्मिनल बॉक्स उघडून पाहावा, असा माझा आग्रह असतो. सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा साधा ड्राइव्ह बाहेरही जास्तीत जास्त २३० व्होल्टच देतो. आपल्याकडच्या या आकाराच्या मोटारी बहुधा स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही वाइंडिंगचे (तारेच्या गुंडाळ्यांचे) एकेक टोक एकत्र बांधून, जोडलेल्या असतात; त्यामुळे प्रत्येक वाइंडिंगवर प्रत्यक्षात ४१५ भागिले १.७३२, म्हणजे सुमारे २४० व्होल्ट येतात. तीच मोटार डेल्टामध्ये, म्हणजे वाइंडिंग टोकाला टोक लावून त्रिकोणात, जोडली की तिला २३० व्होल्ट जवळजवळ पूर्णपणे मानवतात. बॉक्समध्ये सहा टर्मिनल असतील तर काम सोपे असते: तिन्ही खिळ्यांना एकत्र जोडणारी आडवी पत्ती काढायची आणि समोरासमोरच्या जोड्यांवर तीन उभ्या पत्त्या लावायच्या.

अडचण होते ती बाहेर तीनच वायरी आलेल्या असल्या म्हणजे. स्टारचा जोड तेव्हा आत, कॉइलच्या डोक्यावर दोरीने बांधून वॉर्निशखाली दडवलेला असतो. चांगला वाइंडर दोरी हलकेच कापतो, स्लीव्हमधला तो तीन टोकांचा जोड शोधतो, टोके सुटी करून प्रत्येकाला नवी वायर डाखतो आणि कोणते टोक कोणत्या कॉइलचे हे मीटर लावून तपासूनच बाहेर काढतो. यात एखादी कॉइल उलटी जोडली गेली तर मोटार जळू शकते; त्यामुळे हे काम घाईने उरकून देणाऱ्या माणसाकडे सोपवू नये. संपूर्ण रिवाइंडिंग करण्याची मात्र गरज नसते.

डेल्टामध्ये करंट वाढतो, आणि ही गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. नेमप्लेटवर ३.४ अँपिअर लिहिलेले असेल तर नवा आकडा सुमारे ५.९ होतो, ड्राइव्हमध्ये मोटारीचा करंट म्हणून हाच भरायचा असतो, आणि २३० व्होल्टला ५० हर्ट्झ हेही सांगायचे असते. ड्राइव्ह स्वतः मात्र याहून कितीतरी जास्त, १५ अँपिअरच्या आसपास करंट ओढू शकतो, कारण त्याचा रेक्टिफायर, म्हणजे एसीचे डीसी करणारा भाग, विजेच्या लहरीच्या फक्त माथ्यावर करंट घेतो. म्हणून त्याला मीटरपासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी द्यावा. ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थमध्ये जातो आणि त्यामुळे घरातला आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, कधी कधी पडतो. त्यावर अर्थ काढून टाकण्याचा उपाय सुचवणारे भेटतात. तो कधीही मानू नये. बीड आणि लोखंडाच्या मशीनला हात लावून उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाचा तो प्रश्न आहे.

लेथवरचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामध्ये ठेवू नये. चालू असताना तो फिरवला तर ड्राइव्हचे आउटपुट खराब होऊ शकते. मोटार थेट ड्राइव्हला जोडून स्विचची दांडी ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलसाठी वापरावी. कारागिराच्या हाताला सवयीची दांडी जागच्या जागी राहते. कूलंटचा पंप थ्री फेज असेल तर त्याला या ड्राइव्हवर न टाकता छोटा सिंगल फेज पंप घ्यावा.

वेग हवा तसा कमी करता येतो, हा ड्राइव्हचा मोठा लाभ आहे, पण मोटारीचा पंखाही तेवढाच मंदावतो. २० हर्ट्झच्या खाली जोराचा कट घ्यायचा असेल तर बेल्ट किंवा गिअरच बदलावा.

चार-पाच मशीन असतील तर रोटरी कन्व्हर्टरचा विचार करता येतो. त्यात एक रिकामी मोठी मोटार फिरत राहून तिसरा फेज तयार करते. आपल्या ४१५ व्होल्टच्या मोटारींसाठी त्याआधी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि इतका पसारा मांडण्यापेक्षा मी थ्री फेज जोडणीचा अर्जच करीन.

ड्राइव्हमध्ये मोटार थांबण्याची वेळ ठरवताना चक कसा बसवला आहे हे पाहावे. आट्यांवर चढवलेला चक एकदम ब्रेक लागला किंवा मोटार झटक्यात उलटी फिरली तर सुटून येऊ शकतो, म्हणून अशा लेथवर थांबण्याची वेळ काही सेकंदांची ठेवावी आणि चक पूर्ण थांबल्याशिवाय उलटी दिशा देऊ नये.