दुबईच्या सहलीत स्कायडायव्हिंग बसवताना

दुबईचा सहा-सात दिवसांचा बेत ठरला की स्कायडायव्हिंग हमखास शेवटच्या दिवसावर जातं. आधी बुर्ज खलिफा, डेझर्ट सफारी, मॉल, आणि वेळ उरला तर उडी. गणित चुकतं ते इथेच. वारा वाढला किंवा ढग खाली आले की उड्या थांबतात आणि तुमचा नंबर दुसऱ्या दिवशी लागतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही मुंबईच्या विमानात असाल तर पैसे परत मिळणं सर्वस्वी बुकिंगच्या अटींवर. टँडम उडीला, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या पुढे त्याला जोडून मारायच्या उडीला, माणशी दोन हजार दिरहमच्या वर पडतात, तेव्हा त्या अटी आधीच वाचलेल्या बऱ्या. उडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवा, तीही सकाळी लवकरची. दुपारकडे समुद्रावरचा वारा जोर धरतो.

पूर्व किनाऱ्यावरच्या फुजैराला स्कुबाही, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं, करायचं असेल तर क्रम पक्का: आधी उडी, मग स्कुबा, मग मधे एक मोकळा दिवस आणि नंतरच परतीचं विमान. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन दाब झपाट्याने कमी झाला की बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. उडी साधारण 13,000 फुटांवरून मारतात; तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 60 टक्के असतो आणि उडीच्या विमानात केबिनचा दाब राखलेला नसतो. स्कुबानंतर किमान 18 तास, शक्यतो 24 तास वर जायचं नाही.

वजनाची मर्यादा साधारण 100 किलोच्या आसपास; बायकांसाठी बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी, आणि उंचीच्या मानाने वजन किती तेही बघतात. काट्यावर बुटांसकट उभं करतात. घरी सकाळी उपाशीपोटी केलेलं वजन तिथे चालत नाही. 18 वर्षं पूर्ण नसतील तर आईबाबांनी सही केली तरी उपयोग नाही. प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात का, तेही निघण्याआधी बघून घ्या.

कपडे अंगाबरोबरचे, बूट लेसचे. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या हॉटेलच्या तिजोरीत. छातीवरचा पट्टा आवळला की मंगळसूत्राच्या वाट्या थेट हाडावर दाबल्या जातात, आणि साखळी बाहेर राहिली तर वाऱ्याने चेहऱ्यावर फटके बसतात. पुण्याच्या शीतल महाजन यांनी 2018मध्ये पटायाला नऊवारी नेसून उडी मारली, पण त्यांच्या गाठीशी कितीतरी वर्षांच्या उड्या होत्या. पहिल्या वेळी ओढणीसुद्धा नको. लांब केसांची घट्ट वेणी घालून ती कपड्याच्या आत खोचा, नाहीतर ती मागच्या इन्स्ट्रक्टरच्या तोंडावर आपटत राहते. चष्म्यावरून घालायचा गॉगल मागितला तर मिळतो. सर्दीने नाक चोंदलं असेल तर मात्र सरळ तारीख बदलून घ्या, उतरताना कान सहन होणार नाहीत इतके दुखतात. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. दोन इडल्या पुरे.

हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा पट्ट्यांचा साज, चढवताना मांड्यांचे पट्टे सैल वाटले तर तिथल्या तिथे सांगा. पॅराशूट उघडतं तेव्हा सगळा भार त्यांच्यावर येतो आणि सैल पट्टा मांडीवर काळानिळा वळ उठवतो. विमानात वर गेल्यावर इन्स्ट्रक्टर खांद्यांवर दोन आणि कमरेजवळ दोन अशा चार ठिकाणी तुम्हाला स्वतःला जोडून घेतो. उंचीगणिक तापमान उतरतं, दर हजार फुटांना साधारण दोन अंश. खाली 30 असेल तर दारात चारच्या आसपास.

दारात तीनच गोष्टी: डोकं मागे इन्स्ट्रक्टरच्या खांद्यावर, हात छातीवरच्या पट्ट्यांना, टाचा विमानाच्या पोटाखाली दुमडलेल्या. दाराची कड पकडायची नाही. ती पकडली की दोघं तिरके बाहेर पडतात आणि गिरक्या खातात. बाहेर पडल्यावर काही सेकंदांत इन्स्ट्रक्टर ड्रोग, म्हणजे एक छोटं पॅराशूट, सोडतो. दोघांच्या एकत्र वजनाने वेग फार वाढला असता, तो ड्रोगमुळे ताशी 200 किलोमीटरच्या आसपास राहतो. खांद्यावर थाप पडली की हात पसरायचे. श्वास अडकतो असं वाटतं, कारण घाबरून माणूस तो धरून ठेवतो. जोरात ओरडा, म्हणजे आपोआप सुटतो.

पाऊण मिनिट ते मिनिटभराने, साधारण साडेपाच हजार फुटांवर मुख्य पॅराशूट उघडतं. ते बिघडलं तर राखीव असतं. इन्स्ट्रक्टर काहीच करू शकला नाही तर सुमारे 1,900 फुटांवर, वेग अजूनही जास्त असल्यास, एक यंत्र ते राखीव पॅराशूट स्वतःहून उघडतं. पॅराशूट नीट उघडल्यावर इन्स्ट्रक्टर कमरेजवळचे पट्टे सैल करतो. आपण दोन-तीन इंच खाली घसरतो आणि काळजाचा ठोका चुकतो. हे ठरवून केलेलं असतं, बसायला सोपं जावं म्हणून. याच वेळी नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारा, कान मोकळे होतात. गिरक्यांनी मळमळायला लागलं तर लाजू नका. सांगितलं की तो सरळ नेतो.

टँडममध्ये दुखापती होतात त्या बहुतेक उतरताना. इन्स्ट्रक्टर म्हणेल तेव्हा गुडघ्यांखाली हात घालून पाय सरळ पुढे, कमरेच्या उंचीपर्यंत उचलायचे आणि तो सांगेपर्यंत खाली सोडायचे नाहीत. जमीन जवळ आली की पाय आपसूक खाली जातो, मग तोच आधी टेकतो, अडकतो आणि मागून दोघांचं वजन त्या घोट्यावर येतं. जमिनीवर असताना ही कृती दहादा करून बघा. पोटाचे स्नायू कुरकुरतात तेव्हा कळतं की वाटतं तितकं सोपं नाही. वारा मंद असला की जमिनीवरचा वेग जास्त असतो, त्यामुळे बुडावर घसरतच उतरवतात. फोटोसाठी पांढरी पँट घालणार असाल तर हे लक्षात असू द्या.