डोळ्यांखालचा काळेपणा आणि खडूच्या रेघा

लालबागच्या चाळीतली आमची पुढची खोली म्हणजेच माझं शिवणकामाचं दुकान. एक मशीन, कापायचं टेबल आणि भिंतीला उभा आरसा. गिऱ्हाईक ब्लाऊज घालून बघतं तेव्हा मी मागे उभी राहून खांदा सरळ करते, पाठीची चुणी काढते, टाचण्या लावते. त्यामुळे दिवसातून दहा-बारा वेळा दुसऱ्या बाईच्या खांद्यावरून मला माझा चेहरा दिसतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ऐन लग्नसराईत एका जुन्या गिऱ्हाइकाने आरशातूनच विचारलं, "ताई, बरं नाहीये का तुम्हाला? डोळे किती खोल गेलेत."

मला काही होतंय असं तोवर वाटलंच नव्हतं. दमणूक होती, पण ती कुणाला नसते? त्या दिवसापासून मात्र आरशात आधी ती दोन काळी वर्तुळंच दिसायला लागली. आतल्या कोपऱ्यापाशी निळसर आणि बाहेरच्या बाजूला तपकिरी.

आधी घरचे उपाय केले. बटाट्याचा रस, काकडीच्या चकत्या, दुधाची साय. त्याने गार वाटायचं, बाकी फरक शून्य. मग कुणीतरी लिंबू सांगितलं. लिंबाचा रस लावून, नीट न धुता, मी भर दुपारी अस्तराचं कापड आणायला हिंदमाताच्या कापडबाजारात गेले. संध्याकाळी तिथे आग व्हायला लागली आणि चार दिवसांनी डाव्या डोळ्याखाली नवा गडद पट्टा उमटला. लिंबाच्या रसातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा भाजते आणि काळी पडते, हे मला नंतर कळलं. डोळ्यांजवळ लिंबू कधीच लावू नका, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

याहून मोठी चूक पुढे झाली. शेजारच्या काकूंनी एक ट्यूब दिली. त्यांच्या भाचीचे वांग त्याने गेले होते. औषधाच्या दुकानात ती चिठ्ठीशिवाय सहज मिळाली. आठवड्याभरात उजळ दिसायला लागलं आणि मी देवाचे आभार मानले. सहा आठवडे रोज रात्री लावली, मग संपली म्हणून थांबवली. पंधरा दिवसांत तिथली कातडी लाल झाली, चुरचुरायला लागली, बारीक शिरा दिसायला लागल्या आणि वर्तुळं पहिल्यापेक्षा गडद झाली. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉईड होतं, म्हणजे सूज आणि लाली दाबून टाकणारं जोरदार औषध. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, २०१८ सालीच तसा नियम झाला आहे. पाकिटाच्या डाव्या बाजूला उभी लाल रेघ होती, तिचा अर्थच डॉक्टरला विचारल्याशिवाय वापरू नका असा असतो. ती रेघ मी रोज बघत होते, पण ती काय सांगते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जूनच्या शेवटी, भर पावसात, भारतमाता सिनेमावरून चालत केईएम रुग्णालय गाठलं. केस पेपरची रांग, मग त्वचारोग ओपीडीच्या बाहेरची रांग. साडेअकराला माझा नंबर लागला. तपासणाऱ्या डॉक्टर मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या असतील. त्यांनी लगेच औषध लिहायला घेतलं नाही. आधी हात धुतले आणि दोन बोटांनी माझ्या डोळ्याखालची कातडी हलकेच ताणली. मग म्हणाल्या, "छताकडे बघा." मग बॅटरीचा उजेड समोरून टाकला, मग बाजूने. शेवटी खालची पापणी ओढून आतला रंग बघितला.

"ताई, तुम्ही काय काम करता?"

शिवणकाम म्हटल्यावर त्या जरा हसल्या आणि माझ्याच भाषेत समजावून सांगितलं. तेव्हापासून मी ते प्रत्येकीला सांगते. पापणीखालची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, म्हणजे बिनअस्तराचं जॉर्जेट. ती काळी दिसायची कारणं वेगवेगळी. कधी कापडाचाच रंग बदललेला असतो, म्हणजे त्वचेत रंगद्रव्य साठलेलं असतं. तो रंग तपकिरी दिसतो आणि कातडी ताणली तरी तेवढाच राहतो. कधी कापड ठीक असतं, पण पातळ असल्यामुळे आतलं दिसतं. तिथल्या शिरांमधलं रक्त निळसर-जांभळं दिसतं आणि ताणलं की अजून उठून दिसतं. आणि कधी डाग नसतोच, नुसती चुणीची सावली असते. डोळ्याखाली खोबण असते, वरून उजेड पडला की तिथे काळोख पडतो आणि समोरून बॅटरी मारली की नाहीसा होतो. "तुम्हाला थोडं थोडं तिन्ही आहे. बऱ्याच जणींना असंच असतं. आता प्रत्येकाचं मूळ शोधू."

मग प्रश्नांची सरबत्ती. काजळ कोणतं? केसांना डाय लावता का? डोळ्यांत रोजचे थेंब घालता का? सकाळी उठल्यावर शिंका येतात का? नाक चोंदतं का? पाळीत अंगावरून किती जातं? आणि शेवटी, "दिवसातून किती वेळा डोळे चोळता?"

चोळत नाही, असं मी अगदी मनापासून सांगितलं. त्या म्हणाल्या, "एक दिवस मोजून बघा."

दुसऱ्या दिवशी मी कापायच्या टेबलाच्या कडेला निळ्या खडूने रेघा मारायला बसले. हात डोळ्याला लागला की एक रेघ. काही वेळा माझ्या लक्षातच यायचं नाही, तेव्हा मुलगी ओरडायची, "मम्मी, परत!" आणि तीच रेघ मारायची. सुईत दोरा ओवताना, ओव्हरलॉक मशीनपाशी बसल्यावर, कात्री चालवून झाल्यावर. रात्री काजळ काढताना तर पदराने खसाखसा. दिवस संपला तेव्हा त्रेचाळीस रेघा झाल्या होत्या. टेबलाची ती कड बघून माझ्या पोटात कालवलं. सतत घासल्याने कातडीला बारीक सूज येते आणि सुजेमागून रंग साठतो. मी वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने तो काळेपणा बनवत होते.

चोळायचं नाही हे ठरवणं सोपं, पण खाज आणि ताण होता म्हणून तर चोळत होते. ताणाचं कारण डोळ्यांच्या विभागात कळलं. वय बेचाळीस, आणि जवळचं दिसायला नंबर लागला होता. चाळिशी लावायला मन तयार नव्हतं म्हणून मी दोन वर्षं दोरा हातभर लांब धरून ओवत होते. स्टेरॉईड डोळ्यांजवळ लावलं होतं म्हणून तिथे डोळ्यांतला दाबही तपासला, कारण त्याने काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका वाढतो. दाब नॉर्मल निघाला. ते ऐकेपर्यंतची दहा मिनिटं मला जड गेली. शिवणाऱ्या बाईचे डोळे म्हणजे घरातली चूल.

खाजेचं कारण ऍलर्जी. कापडाचे उडणारे बारीक तंतू, गादीतली धूळ, पावसात भिंतीला येणारी बुरशी. नाक चोंदलं की डोळ्याखालच्या शिरांतलं रक्त नीट खाली उतरत नाही, साचतं, आणि तोच निळेपणा. याशिवाय आमची खिडकी मसाल्याच्या गिरण्यांच्या बाजूला. एप्रिल-मेमध्ये मसाला कुटायचे डंक चालू झाले की अख्खी चाळ शिंकते. झोप न आणणारी गोळी आणि नाकात मारायचा फवारा मिळाला. फवाऱ्यातही स्टेरॉईड आहे म्हटल्यावर मी मागे सरकले, पण मॅडमनी सांगितलं की त्याचा डोस फार लहान असतो, तो नाकापुरताच काम करतो आणि तपासून, मुदत ठरवून दिलेला असतो. तो मारायचीही रीत आहे. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, आणि टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला. गुण यायला पंधरवडा लागला. आता कापताना मास्क लावते, टेबल झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसते आणि चादरी-उशांचे अभ्रे दर रविवारी कडकडीत पाण्यात धुते. खाज आलीच तर फ्रीजमधला स्टीलचा चमचा फडक्यात गुंडाळून बंद डोळ्यावर पाच मिनिटं. चोळायला गेलेला हात तिकडे वळवायचा.

तिसरी गोष्ट रक्ताची. हिमोग्लोबिन ९.४ आलं आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फक्त ६. बाईला हिमोग्लोबिन निदान १२ हवं. चेहरा फिका पडला की डोळ्याखालचं काळं जास्तच उठून दिसतं, फिक्या ब्लाऊजवर काळी पायपिंग दिसते तसं. मला वाटायचं मी एकटीच अशी. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. म्हणजे आमच्या चाळीच्या नळावर दहा बायका उभ्या असतील तर त्यातल्या पाच-सहा. पाळीत जास्त जात होतं, त्याची वेगळी तपासणी आणि औषध झालं.

लोहाच्या गोळीबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण इथेच बायका सोडून देतात. पहिल्या आठवड्यात मळमळलं, शौचाला काळी झाली, पोट साफ होईना. काळी होणं हे त्या गोळीचंच आहे, घाबरायचं नाही, हे आधी माहीत असतं तर माझी एक रात्र वाचली असती. मळमळ सहन होईना म्हणून मॅडमना विचारून एक दिवसाआड घेतली. खरी अडचण चहाची होती. माझा दिवस चार कप चहावर चालायचा आणि पूर्वी कधी दिलेल्या गोळ्याही मी चहाबरोबरच गिळल्या होत्या. चहाने लोह अंगी लागत नाही. दुधाचं आणि कॅल्शियमच्या गोळीचंही तसंच. म्हणून गोळी सकाळी अकराला, आवळ्याच्या किंवा लिंबाच्या पाण्याबरोबर, आणि तिच्या आगेमागे दोन तास चहा नाही. लिंबाची खरी जागा ही. महिन्याने हिमोग्लोबिन १०.८ झालं, ऑक्टोबरात १२.४. तिथे थांबायचं नव्हतं, रिकामा साठा भरायला आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवल्या. जिना चढताना लागणारी धाप गेली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या ओठांना रंग आलाय."

त्वचेला लावायला त्या मानाने फार काही नव्हतं. पहिले दोन महिने फक्त साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर, कारण ट्यूबने कातडी सोलवटून गेली होती. काजळ बंद. मग झिंक ऑक्साईडचं, तपकिरी छटेचं सनस्क्रीन. त्या छटेत लोहाचं ऑक्साईड असतं आणि ते ऊनच नाही तर नुसता लख्ख उजेडही अडवतं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला त्यानेही काळेपणा येतो. अनामिकेने, टिपल्यासारखं लावायचं, ओढायचं नाही. नोव्हेंबरात रात्रीचं एक सौम्य रेटिनॉलचं क्रीम मिळालं, आठवड्यातून दोनदा, तांदळाच्या दाण्याएवढं. गरोदर बाईने ते लावायचं नसतं. तपकिरी रंग खरा उतरला तो डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे सहा महिन्यांनी. आठ दिवसांत घालवतो म्हणणाऱ्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

तिसरी, सावलीची वर्तुळं तशीच आहेत. खोबण भरायला फिलरचं इंजेक्शन असतं, असं मॅडमनी विचारल्यावर सांगितलं, आणि क्वचित का होईना त्यात नजरेला धोका असतो हेही सांगितलं. मी नको म्हटलं. घरी येऊन माझ्या आईचा हार घातलेला फोटो उतरवून पुसला आणि खिडकीपाशी नेऊन बघितला. तिच्या डोळ्यांखाली तीच खोबण आहे, तशीच आतल्या कोपऱ्यातून गालाकडे उतरणारी. ती मला भरून काढायची नाहीये.

दुकानात मात्र एक बदल केला. ट्यूबलाइट बरोबर डोक्यावर होती, ती काढून आरशाच्या दोन्ही बाजूंना तोंडाच्या उंचीवर दिवे लावले. त्याने शिलाईही नीट दिसते आणि आरशापुढे उभ्या राहिलेल्या बाईच्या चेहऱ्यावर काळोख पडत नाही.

टेबलाच्या कडेवर रेघा मारणं चालू आहे. थंडीत दिवसाला तीन-चारवर आल्या होत्या. परवा मसाल्याचे डंक सुरू झाले आणि संध्याकाळपर्यंत अकरा झाल्या. मुलीने त्या बाजूची खिडकी लावून घेतली, मी फवारा काढला आणि चमचा फ्रीजमध्ये ठेवला.