चौरस काठीची डोलकाठी

आठवीत सुतारकामाच्या पहिल्याच तासाला सरांनी आम्हां प्रत्येकाच्या हातात एक फूटभर चौरस काठी दिली आणि ती रंध्याने गोल करायला सांगितले. आम्ही सगळ्यांनी जिथे कोपरा दिसेल तिथे रंधा चालवला आणि तासाच्या अखेरीस बाकावर ओळीने पडवळे मांडून ठेवल्यासारखे दिसू लागले. दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर काठीच्या एका बाजूचे २४ समान भाग पाडले, दोन्ही कडांपासून सात-सात भाग सोडून रेघा मारल्या, मध्ये दहा भाग राहिले. चारही बाजूंवर अशा रेघा आखून कोपरे त्या रेघांपर्यंतच उतरवले की काठीला आठ सारख्या बाजू येतात. त्या आठांच्या सोळा केल्या की उरलेले काम काचकागद करतो. हे गणित मी वहीत लिहून घेतले आणि पुढची सुमारे चाळीस वर्षे मला त्याची काहीही गरज पडली नाही.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी एका शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती करायला घेतली. कोकणातला असल्यामुळे पहिली इच्छा अर्थातच आंग्र्यांच्या आरमारातले गलबत किंवा गुराब करण्याची होती, परंतु ज्यावर मोजपट्टी ठेवता येईल असा आराखडा माझ्या हाती लागला नाही आणि अंदाजाने केलेले जहाज हे शेवटी खेळणेच होते, असे माझे मत आहे. म्हणून मी मुंबईतच बांधलेले दुसरे जहाज निवडले. त्याचे नाव ‘ट्रिंकोमाली’. ब्रिटिश आरमारासाठी जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागवानातून बांधलेली ही ३८ तोफांची फ्रिगेट, म्हणजे वेगवान युद्धनौका, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली आणि ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे इंग्लंडात ओकचा तुटवडा पडला होता, म्हणून हे काम मुंबईकडे आले. तिचे मूळ आराखडे ‘जावा’ नावाच्या जहाजातून मुंबईला निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने त्या जहाजाचा पराभव केला, त्यात आराखडेही गेले आणि दुसरी प्रत पाठवावी लागली. जहाजाच्या पठाणात, म्हणजे खालच्या कण्यात, जमशेटजींनी पारशी प्रथेप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला होता. मीही माझ्या पठाणात चांदीच्या तारेचा एक बारीक तुकडा बसवला आहे. तो दिसत नाही, पण आहे.

प्रमाण मी एकास पंचाहत्तर धरले. तोफांच्या डेकची लांबी १५० फूट, तेव्हा प्रतिकृतीत ती ६१ सेंटिमीटर होते आणि माझी एक मिलिमीटरची चूक जहाजावर साडेसात सेंटिमीटरची ठरते. गंमत अशी की सागवानी जहाजाची प्रतिकृती सागवानाची करता येत नाही. सागाची छिद्रे उघडी आणि रेषा रुंद असतात, त्यामुळे इतक्या लहान मापात प्रत्येक फळी भेगाळल्यासारखी दिसते, शिवाय त्याच्या तेलकटपणामुळे सांधा नीट चिकटत नाही. मी बारीक पोताचे हेदीचे लाकूड वापरले आणि त्याच्या एक मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढून घेतल्या.

या पट्ट्या गरम पाण्यात भिजवून, वाकवून, प्लायवूडच्या आडव्या साच्यांवर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरून चिकटवायच्या असतात. जहाजाचा घेर मध्ये मोठा आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, लहान असल्यामुळे प्रत्येक पट्टी पुढे निमुळती करावी लागते; न केल्यास पट्ट्या एकमेकींवर चढतात. हे मी नीट केले. चूक झाली ती वेगळीच. एका बाजूची एक पट्टी लावली की लगेच दुसऱ्या बाजूची लावायची असते, कारण सुकताना डिंक ओढून घेतो. हात बसला या आनंदात मी डाव्या बाजूच्या सलग अकरा पट्ट्या लावून मोकळा झालो. आठवड्याने पाहिले तर पठाण डावीकडे वाकलेले होते. पट्ट्या ओल्या फडक्याने सोडवून पुन्हा लावल्या, बराच बाक निघाला, सगळा निघाला नाही. पुढे लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव म्हणून खऱ्या जहाजाच्या बुडाला जसे तांब्याचे पत्रे मारत, तसे मी सोळा मिलिमीटर लांब आणि पाच मिलिमीटरला थोडे कमी रुंद असे तांब्याचे तुकडे शेकड्यांनी चिकटवले, तेव्हा तो बाक झाकला गेला, अशी माझी समजूत झाली.

डोलकाठ्यांशी आलो तेव्हा सात-दहा-सात आठवले. तीन डोलकाठ्या, प्रत्येकीचे एकावर एक तीन भाग, शिवाय परभाणे, म्हणजे शिडांच्या आडव्या काठ्या, सगळ्यांची सुरुवात चौरस काठीपासूनच होते. जाडी जिथे कमी होते तिथे २४ भागही त्या प्रमाणात लहान होतात, त्यामुळे रेघा आपोआप निमुळत्या येतात. पुढे वाचनात आले की त्या काळच्या इंग्रज जहाजांवर मोठ्या परभाणांचा मधला भाग मुद्दाम अष्टकोनीच ठेवीत असत. म्हणजे तिथे मला आठ बाजूंवरच थांबायचे होते. दोरकामाला मात्र डोलकाठ्यांच्या तिप्पट वेळ लागला. धाग्याची लव बसावी म्हणून प्रत्येक धागा मेणावरून ओढायचा, स्थिर दोर डांबर लावल्यासारखे काळे ठेवायचे, शिडे ओढणारे दोर फिकट ठेवायचे आणि चढण्याच्या जाळीत पाच-पाच मिलिमीटरवर गाठी मारायच्या. त्या गाठींविषयी अधिक लिहीत नाही.

मागच्या दिवाळीत जहाज घेऊन सरांच्या घरी गेलो. सर आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांनी शिडे, तोफा, जाळी यांतले काही पाहिले नाही. जहाज उचलून पालथे धरायला सांगितले, पूर्वी फळीची कड पाहताना करीत तसा एक डोळा मिटला आणि नाळेपासून सुकाणूपर्यंत पठाणावर नजर टाकली. “अरे, डावीकडे केसभर आहे,” म्हणाले. मी म्हटले, “हो सर, अकरा पट्ट्या एकदम लावल्या.” त्यांनी दुसरा डोळा उघडला आणि आत चहा टाकायला सांगितले.