तंबूत काय लावलंय?

घरी पहिल्यांदा आलेलं माणूस तळघरात डोकावलं आणि तिथला रोपं वाढवायचा तंबू दिसला की हमखास विचारतं, "तुम्हीपण गांजा लावता?" मराठी मंडळी विचारताना आवाज खाली आणतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. आत कढीपत्ता आहे, आणि शेवंती.

संशय अगदीच चुकीचा नाही. तंबू मुळात गांजाचाच. आम्ही कॅल्गरीत राहतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि आमच्या अल्बर्टा प्रांतात घरामागे चार रोपं लावता येतात. माणसामागे नव्हे, घरामागे. शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी हौसेनं सगळं सामान आणलं, दोन वर्षांत कंटाळले आणि माझा मरायला टेकलेला कढीपत्ता बघून सगळंच आमच्याकडे आणून ठेवलं. दोन फूट बाय दोन फूट तंबू, आतून आरशासारखा चकचकीत. शंभर वॉटचा एलईडी दिवा, टायमर, हवा बाहेर ओढणारा पंखा आणि त्याला जोडलेला कोळशाचा फिल्टर. फिल्टर वासासाठी. गांजाला फुलं धरली की वास गल्लीभर जातो म्हणे. कढीपत्त्याला त्याची गरज नाही, उलट वास आला तर मला हवाच आहे.

डिसेंबरात इथे दिवस जेमतेम आठ तासांचा. बाहेर उणे पंचवीस आणि घरात हीटरमुळे हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. खिडकीतल्या कढीपत्त्यानं दोन हिवाळे पानं गाळून काढले होते. तंबूत आला आणि महिन्याभरात कोंब फुटले. दिवा बारा तास चालला तर दिवसाला सव्वा युनिटसुद्धा जळत नाही. इथल्या दुकानातल्या कढीपत्त्याच्या चिमूटभर पुडीचा भाव बघितलात तर हिशेब मांडायची गरज पडणार नाही.

शेवंतीचा हट्ट माझा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी लक्ष्मीला घरची शेवंती वाहायची होती. शेजाऱ्यांना म्हटलं तर ते हसले. म्हणाले, हे तर माझ्याच झाडासारखं झाड! रात्र मोठी झाली की फुलणारं. गांजालाही वाढवताना अठरा तास उजेड देतात आणि फुलं हवी झाली की बारा तासांवर आणतात. आपल्याकडचे पॉलिहाउसवाले शेवंतीवर रात्री बल्ब लावून फुलं लांबवतात, ते मला माहीत होतं. पण दोन्ही गोष्टींचं गणित एकच, हे डोक्यात आलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला टायमर लावला, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. आठ-दहा आठवड्यांत फूल यायला हवं. नोव्हेंबर संपला, झुडूप हिरवंगार, पण कळीचा पत्ता नाही. शेजाऱ्यांनी येऊन पाहिलं आणि एकच विचारलं, "रात्री तंबू कोण उघडतं?"

कोण उघडणार? मीच. आमची फोडणी पडते साडेसातला. खाली यायचं, तळघराचा दिवा लावायचा, दोन डहाळ्या खुडायच्या आणि वर तेल तापलंय म्हणून चेन उघडी, दिवाही चालू ठेवून पळायचं. तो बंद व्हायचा जेवणं झाल्यावर. शेवंतीची रात्र मी रोज मधेच मोडत होते. शेजारी म्हणाले, ते रात्री आत जायचेच नाहीत, गेलेच तर मंद हिरवा दिवा घेऊन, आणि एक्स्टेन्शन बोर्डाच्या लाल ठिपक्यावरही काळी चिकटपट्टी लावायचे. मला तेव्हा हे खूळ वाटलं होतं.

आता कढीपत्ता सकाळीच खुडून ठेवते.

पुण्याहून भाचा फोनवर विचारतो, "मावशी, असा तंबू इकडे लावला तर?" तंबू लाव, शेवंती लाव. पण गांजा नको. भारतात १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली परवान्याशिवाय लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे. कुंडी बाल्कनीत होती की कपाटात, यानं काही फरक पडत नाही. इथेसुद्धा भाड्याच्या घरात मालकाची मनाई असू शकते.

मार्गशीर्षाचे सगळे गुरुवार दुकानातल्या फुलांवर गेले. पहिली शेवंती उमलली ती माघात. पिवळी, रुपयाएवढी. लक्ष्मीला वाहण्याआधी शेजाऱ्यांना दाखवायला नेली, तर त्यांनी नाकाशी धरून बघितली आणि म्हणाले, "याला तर वासच नाही."