तुम्ही विचारलंत म्हणून: हे हक्क आपले की आणलेले?

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका अभ्यासिकेत मी बरीच वर्षं राज्यसेवेच्या मुलांना घटना आणि मानवी हक्क शिकवते. बॅच बदलते, प्रश्न बदलत नाही. "मॅडम, हे मानवी हक्क वगैरे मूळचं गोऱ्यांचंच ना? आपल्याकडं घटनेबरोबर आलं?" लग्नाच्या मांडवात भेटलेले पालकही हेच विचारतात, फक्त जरा खवचटपणे. तर आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

मुलांच्या वहीत पहिल्याच पानावर सनावळी असते. १२१५ मॅग्ना कार्टा, १६८९ बिल ऑफ राइट्स, १७७६ अमेरिका, १७८९ फ्रान्स, १९४८ संयुक्त राष्ट्रं. पाठ करायला सोपी, एसटीच्या थांब्यांसारखी. घोळ असा होतो की ही गाडी तिकडून निघाली आणि १९५० साली आपल्या स्टँडला लागली, असं मुलांना वाटतं. कुठल्या थांब्यावर कुणाला गाडीत घेतलं नाही, ते वहीत कुणी लिहीत नाही.

१२१५ ची सनद घ्या. कायद्याप्रमाणे निवाडा झाल्याशिवाय कुणाला कैदेत टाकायचं नाही, हे कलम सोन्यासारखं. पण ते 'स्वतंत्र माणसा'साठी, आणि तेव्हाच्या इंग्लंडातली बरीचशी कुळं जमीनदाराला बांधलेली. शिवाय तीन महिने व्हायच्या आत पोपने ती सनद रद्दही केली. पुढच्या राजांना ती पुन्हा पुन्हा काढावी लागली म्हणून टिकली. १७७६ ला सगळी माणसं समान आहेत असं लिहिणाऱ्या जेफरसनच्या मळ्यात गुलाम राबत होते. १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्यात बायकांना जागा नव्हती. ओलांप द गूज या बाईने १७९१ मध्ये स्त्रियांचा वेगळा जाहीरनामा लिहिला. राजकीय लिखाणापायी दोन वर्षांनी तिला गिलोटिनवर चढवलं. कागद वाईट नव्हते. पण 'माणूस' म्हटलं की त्यात कोण कोण बसतं, यावर भांडण होतं. मी तर मुलांना सांगते, सनावळ्या विसरलात तरी चालेल, हे भांडण विसरू नका.

आणि ते आपल्या जिल्ह्यातही झालंय.

मागच्या बॅचला हा प्रश्न विचारणारा मुलगा नेमका मसूरचा निघाला. म्हटलं, "अरे, तुझ्या गावच्या स्टेशनवर १९०१ साली काय घडलं, माहितीये?" "नाय ओ मॅडम."

साताऱ्यात शिकणारी काही मुलं, भावंडं आणि भाचरं मिळून, सुट्टीत वडिलांकडे निघाली होती. वडील खटाव तालुक्यात खजिनदार होते, दुष्काळी कामावर. काम कसलं, तर तलाव खोदायचं. मुलांचा थाट काय वर्णावा! इंग्रजी धाटणीचे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवेकोरे बूट. मसूरला उतरली, तर न्यायला कुणीच नाही. येतोय असं कळवलेलं पत्र वडिलांना मिळालंच नव्हतं. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली, मग जात विचारली. मुलांनी "महार" म्हणून सांगताच त्याचा चेहरा उतरला आणि तो आत निघून गेला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि तो शेजारून चालणार, या अटीवर. डबे शिगोशीग भरलेले, पण प्यायला पाणी नाही, म्हणून घास उतरेना. रात्री जकातनाक्यावर पाणी मागितलं, तिथेही मिळालं नाही. मुलं उपाशीच झोपली.

त्यांतला एक मुलगा भीमराव. आदल्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० ला, त्याचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झालं होतं. अभ्यासिकेच्या खिडकीतून मान वळवली की पोरं त्याच दिशेला बघतात.

या गोष्टीत मला नेहमी अडकवतं ते त्यांचं भाडं. पैसे होते, तेही दुप्पट द्यायची तयारी होती. कपडे साहेबासारखे. वडील सरकारी कामावर. तरी ओंजळभर पाणी मिळेना, आणि ते नाकारलं म्हणून कुणाला कुणी जाब विचारणारही नव्हतं. हक्क म्हणजे काय असं विचाराल, तर माझं उत्तर एवढंच: कुणी नाकारलं, तर नाकारणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. दया केली तर आभार मानायचे, हक्काला आभार लागत नाहीत.

तोच मुलगा १९२७ साली पस्तीस वर्षांचा होऊन महाडच्या तळ्यावर उभा होता. त्या डिसेंबरातल्या परिषदेच्या भाषणात त्याने थेट १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी तुलना केली आणि परिषदेने जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामाच मंजूर केला. म्हणजे फ्रान्सचं त्याने घेतलं, नाही असं नाही. पण तहान मसूरची होती.

आता तारखा लावून बघा. अस्पृश्यता बंद करणारं कलम, आजचं सतरावं, संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ ला मंजूर केलं. पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा झाला १० डिसेंबरला, अकरा दिवसांनी. त्याच्या पहिल्या कलमात 'ऑल मेन' हे शब्द यायचे होते. तिथे 'सर्व मानव' करायला लावणाऱ्यांत पुढे होत्या भारताच्या हंसा मेहता. कोणी कोणाकडून घेतलं म्हणायचं?

आणि पंधराव्या कलमाचा दुसरा भाग मुलं नेहमी घाईघाईत उलटतात. त्यात दुकानं, हॉटेलं यांच्याबरोबर विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते असे शब्द आहेत. एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेत स्नानघाट! बहुतेक मूलभूत हक्क सरकारला आवरण्यासाठी असतात. हा शेजाऱ्यालाही आवरतो. जकातनाक्यावरची ती रात्र आठवली की हा शब्द तिथे का हवा ते कळतं.

"पण हे हक्क गुन्हेगारांनाच का?" हा जोडप्रश्न असतोच. अटक केल्यावर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, असं बाविसावं कलम म्हणतं. उचललेला माणूस गुन्हेगार आहे की नाही, ते त्यानंतर ठरायचं असतं. आमच्या मामेभावाला एकदा नामसाधर्म्यामुळे रात्रभर बसवून ठेवलं होतं. तेव्हापासून मामा हा जोडप्रश्न विचारत नाहीत.

मसूरच्या पोराने ते सगळं ऐकून घेतलं आणि वही उघडून विचारलं, "मॅडम, मग पेपरात १९०१ लिहू का?" म्हटलं, नको बाबा. पेपरात १२१५ पासूनच सुरू कर, मार्क तिथेच आहेत.